बिनसरसाची मान

बादलीतले निम्मे कपडे दोरीवर गेले होते आणि चादर पिळायची राहिली होती, तेवढ्यात खालून लेकीची हाक आली. "आई, जरा खाली ये. बाबा बोलत नाहीयेत."

हे बोलत नाहीत यात नवल नव्हतं. एकतीस वर्षं गिटार बनवतायत, कामात असले की हूं नि हां यापलीकडे गाडी जात नाही. पण लेकीचा आवाज वेगळा लागला. ओल्या हातांनीच जिना उतरले.

ह्यांचा कारखाना म्हणजे घराखालची लांबट खोली. हे स्टुलावर बसले होते. हातात एका गिटारची मान, समोर टेबलावर तिचं बिनमानेचं धड. चेहरा असा, की कुणी गेल्याचीच बातमी आली असावी. मी मनात देवाचं नाव घेतलं. "काय झालं हो?"

"सरस नाहीये," एवढंच म्हणाले.

आता हे समजायचं तर थोडं मागचं लिहायला हवं. तारांचा सगळा ताण येतो तो मान आणि धड यांच्या जोडावर. तो करायची ह्यांची रीत एकच. मानेच्या टोकाला कबुतराच्या शेपटीसारखा रुंदावत जाणारा भाग ठेवायचा, धडात तशीच खाच कोरायची. मग खडू फासून कोरडंच बसवून बघायचं, जिथे खडू घासला जाईल तिथे पटाशीने केसभर तासायचं, पुन्हा बसवायचं. अगदी घट्ट बसली की शेवटी सरस लावून कायमची जोडायची. जेवायला हाक मारली की खालून उत्तर येतं, "अजून केसभर आहे." आमच्या घरात केसभर म्हणजे दीड तास.

चार वर्षांपासून लेकही ह्यांच्याबरोबर काम करते. तिचं म्हणणं, मान बोल्टने आवळावी. संगीत शाळेच्या सहा गिटारचं लाकूड कापून तयार आहे, फक्त जोड कसा करायचा ते ठरत नाही, म्हणून पंधरा दिवस दोघांची जुंपली होती.

"बाबा, पुढेमागे मान वाकली तर पाना घेऊन पाच मिनिटांत खोलता येते. तुमची खोलायची म्हणजे किटली, वाफ आणि शिव्या."

"मी शिव्या देत नाही."

"मनात देता. कान लाल होतात."

"बोल्ट पलंगाला असतात," हे म्हणायचे, आणि विषय तिथेच बंद.

आज सकाळी शाळेच्या सरांची गिटार दुरुस्तीला आली. ह्यांनीच एकोणीस वर्षांपूर्वी केलेली. तारा वर उठल्या होत्या, म्हणजे मान काढून नीट बसवणं आलं. सरस मऊ करायला किटली ठेवली. पाणी तापेपर्यंत ह्यांनी मानेवरून पुढे धडावर चिकटवलेली, बोटं दाबायची काळी पट्टी गरम सुरीने धडापासून सोडवली आणि सहज अंगठ्याने मान दाबून पाहिली. ती अलगद हातात आली. खाचेत निळा खडू जसाच्या तसा, सरसाचा थेंब नाही. कोरडी बसवलेली मान तशीच पुढे पॉलिशला गेली होती.

"बिनसरसाची एकोणीस वर्षं टिकली," लेक म्हणाली. "बाबा, हे तर मिरवण्यासारखं आहे."

"मिरवू काय? मला सरस लावल्याचं आठवतंय गं. त्याचा वाससुद्धा आठवतोय. आणि इथे काहीच नाही." ह्यांनी मान माझ्यापुढे धरली, जणू मला तरी सरस दिसेल.

इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नव्हतं. वर जाऊन त्या वर्षाची वही काढली. तेव्हाही रोज लिहीत असे. पान सापडलं ते खाली आणून वाचून दाखवलं: 'लेकीने पितळी स्क्रू गिळला. हे हातातलं काम टाकून धावत आले. दवाखान्यात तीन दिवस. देवाची कृपा, स्क्रू आपोआप पडला. खाली दोन गिटार अर्धवट आहेत.'

"घ्या. म्हणजे खापर माझ्यावरच," लेक हसली. एकटीच.

"दोन?" ह्यांनी विचारलं.

"दोन लिहिलंय."

दुसरी कुठे गेली हे वहीत बघायची गरज नव्हती. ती पोस्टमनकाकांनी घेतली होती. आता निवृत्त आहेत, नातीला मांडीवर बसवून रोज वाजवतात. तारा ताणलेल्या असताना मान निसटली तर ती जाणार कुठे? पोरीच्या तोंडावरच. माझ्या डोळ्यांपुढे तेच आलं, आणि ह्यांच्याही आलं असणार, कारण तडक उठून फोन लावला. "काका, आज गिटारला हात लावू नका. तारा सैल करून ठेवा."

"का रे बाबा? ठणठणीत आहे की ती."

"ठणठणीत आहे का, तेच बघायचंय."

फोन ठेवून हे लेकीकडे वळले. "शाळेच्या सहाच्या सहा बोल्टच्या कर."

मघापेक्षा मोठा धक्का मला हा बसला. पंधरा दिवस भांडणारी लेकही गडबडली. "एका चुकीपायी नको हो बाबा. तुमच्यासारखी खाच कुणाला जमते?"

"बोल्ट लावायचा राहिला तर भोक उघडं दिसतं. मला दिसेल, तुला दिसेल, घेणाऱ्याला दिसेल. सरस राहिला तर कुणाला कळत नाही. एकोणीस वर्षं कळलं नाही."

"आणि सरांच्या या मानेचं काय?"

"हिला सरसच. मी लावतो. तू शेजारी उभी राहा आणि लावला की मोठ्याने सांग."

तिने काही थट्टा केली नाही. खाच पुन्हा जुळवून झाल्यावर ह्यांनी ब्रश फिरवला, ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "लावला, बाबा." ह्यांनी तरी पुन्हा एकदा बोट लावून पाहिलं.

उद्या सकाळच्या पहिल्या बसने हे पोस्टमनकाकांकडे जाऊन ती दुसरी गिटार घेऊन येणार आहेत.