पियानोखालचं पातेलं

मुंबईत मी ज्यांच्या घरी स्वयंपाकाला होते, ते साहेब जाझ पियानो वाजवायचे. देशोदेशी त्यांचं नाव होतं. एसीच्या कोरड्या हवेनं लाकूड तडकू नये म्हणून पियानोखाली पाण्याचं पातेलं असायचं, ते रोज भरायचं काम माझं. दुष्काळात टँकरपुढं उभं राहायला घरच्यांनी मला चौथीतच शाळेतून काढलं होतं. लाकडासाठी पाणी ओतताना सुरुवातीला माझा हात अडखळायचा.

"बाई, तुमचं निलंगा उस्मानाबादेत ना?" साहेबांनी एकदा विचारलं.

"आता लातुरात गेलं, साहेब. नवा जिल्हा झालाय."

"म्हणजे गाव हललं?"

"गाव तिथंच हाय. पाणीच तेवढं हललं."

ते लई हसले. मग मला खुर्चीवर बसवून त्यांनी माझ्यासाठी वाजवलं. ऐकायला मला कुणी खुर्ची दिली ती पहिल्यांदाच.

पुढं त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात परत चालेल का, याच घोरात मी असायचे. एक दिवस तेच म्हणाले, "बाई, उद्यापासून पाणी भरू नका."

मी भरतच राहिले. त्यांनी ते बघितलं आणि भरू दिलं.

ते गेल्यावर पियानो विकला. न्यायला आलेल्या माणसानं लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "कुठं चीरसुद्धा नाही." मग त्यानं पातेलं पायानं बाजूला सारलं, तसं पाणी सांडलं. मी खाली बसून ते पदरानं टिपत राहिले.