नवी मॅट बघून मी ‘घे’ म्हणालो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तसं फार मोठं काही नाही — खून नाही, अफरातफर नाही. एक जुनी गाडी आणि एक रबरी मॅट, एवढाच मामला. तरी सांगायला बसलो की लाज वाटते, आणि त्याच वेळी हसूही येतं. असं कसं होतं? मला अजून कळलेलं नाही.

आधी माझं कौतुक सांगतो. ते सांगितलं की मागे फिरायची सोय उरणार नाही.

मुलुंडला आमचा जुन्या गाड्यांचा एक ग्रुप आहे. नाव ‘जुनं लोखंड’. कुणाकडे पद्मिनी आहे, कुणाकडे अँबॅसेडर, आणि बहुतेकांकडे नुसती हौस. रोज कुणीतरी ऑनलाइन विकायला निघालेल्या गाडीचे फोटो टाकतं आणि खाली विचारतं, डॉक्टर काय म्हणतात? डॉक्टर म्हणजे मी. ऑफिसात मी फायली सरकवतो, पण ग्रुपवर मी फोटो बघून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस आहे. अर्ध्या तासात माझं निदान येतं — मागचा उजवा दरवाजा ठोकलेला आहे, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलाय. मग कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन तिथे लोहचुंबक लावून बघतं. चुंबक चिकटत नाही. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते, आणि मी ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून ती रांग वरपासून खालपर्यंत तीनदा बघतो.

पण अर्धा तास का लागतो, हे कुणीच कधी विचारलं नाही. शुभाच्या पोळ्या व्हायला तेवढा वेळ लागतो.

शुभा माझी बायको. तिला गाड्यांची काडीचीही आवड नाही. सगळ्या गाड्यांना ती ‘डबा’ म्हणते. पण लग्नाआधीपासून पुढे कितीतरी वर्षं ती मरोळच्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांचा रंग तपासायची. कपाट ट्यूबलाइटखाली उभं करायचं आणि रंगाकडे बघायचंच नाही — रंगात दिसणारी ट्यूब बघायची. ट्यूब सरळ दिसली तर पत्रा सरळ. कुठे जराशी वाकली, तर तिथे पोचा होता आणि कुणीतरी तो लपवलाय. एकदा गंमत म्हणून मी तिला गाडीचे फोटो दाखवले. पोळी तव्यावर टाकता टाकता ती म्हणाली, “दारात समोरच्या बिल्डिंगचं ग्रिल दिसतंय बघ. मधेच पोट आलंय त्याला.”

त्या दिवसापासून आमच्या संध्याकाळी काय रंगल्या म्हणून सांगू. ती लाटणं हातात घेऊन बोलायची, मी मोबाईल तिच्या नाकासमोर धरायचो. गाडी ओली करून फोटो काढलाय? रंग मेलाय. दुरून चौदा फोटो आणि जवळून एकही नाही? मग जवळ जाण्यासारखं काही नाही. ती म्हणायची, जो फोटो काढलेला नाही तो आधी बघ. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो, पोळ्या करपायच्या, आणि मी करपलेली पोळी खात निदान टाइप करायचो. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर असं काही सुरू होतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मी फार खूश होतो. अजूनही आहे.

खाली तिचं नाव लिहायचं मात्र राहून जायचं. राहून जायचं — बघा, अजूनही कसं बोलतोय मी. मी लिहायचो नाही.

एवढंच? असं तुमच्या मनात आलं असेल. एवढंच असतं तर मी कशाला बसलो असतो?

मिलिंद माझा ग्रुपमधला सगळ्यात जवळचा दोस्त. त्याचे बाबा अकोल्याहून मुंबईत आले आणि आयुष्यभर त्यांनी पद्मिनी टॅक्सी चालवली. त्या टॅक्सीवर पोरांची शिक्षणं झाली. मिलिंद आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. बाबा थकले. त्यांच्यासाठी एक पद्मिनी घ्यायची आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवून फिरवायचं, हे एकच त्याच्या डोक्यात होतं. एका शनिवारी त्याला हवी तशी गाडी दिसली. दुसरं गिऱ्हाईक दारात होतं, उत्तर लगेच हवं होतं. आणि शुभा भाचीच्या लग्नाला नाशकात.

फोन करता आला असता. दोन मिनिटांचं काम. का नाही केला? कारण मला वाटलं, एव्हाना मलाही जमत असेल. मी फोटो बघितले. रंग झकास. आतला फोटो बघितला तर खाली कोरी करकरीत रबरी मॅट. मी मनात म्हटलं, मालकाने काय निगा राखलीय. आणि लिहिलं — डोळे मिटून घे.

त्याने डोळे मिटून घेतली. रविवारी बाबांना बसवलं. बाबांनी सवयीने ब्रेकच्या जागी पाय दाबला आणि पाय मॅटसकट खाली गेला. मॅटखाली सगळं गंजलेलं, फ्लोअर उरलंच नव्हतं. नशीब, गाडी उभी होती. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. ते हसत म्हणाले, माझ्या टॅक्सीलाही भोक होतं, पण एवढं नव्हतं.

मिलिंदने ग्रुपवर विचारलं, डॉक्टर, हे कसं सुटलं? आणि आता ते सांगतो, ज्यासाठी बसलोय.

मी लिहिलं — या वेळी आमच्या हिने बघितले होते फोटो. मी गडबडीत होतो, तिच्यावर सोडलं.

बरोबर आलेल्या सगळ्या गाड्या माझ्या. चुकलेली एक तिची. तीही ती नाशकात मुंडावळ्या बांधत असताना.

सगळे हसले. मिलिंदने मोठ्या मनाने लिहिलं, वहिनींना काही बोलू नकोस रे. हे वाचून मला काय वाटलं असेल? खरं सांगतो, आधी हायसं वाटलं. लाज नंतर आली.

पत्र्याचं काम झालं आणि मिलिंदने आम्हाला मनोरीला नेलं. तो दिवस मी विसरणार नाही. बाबा पुढे, इस्त्रीचा शर्ट, कोपर खिडकीबाहेर. लिंक रोडवर रिक्षावाले बाजूला येऊन त्यांना सलाम करत होते आणि बाबा राजासारखे मान हलवत होते. मालाडजवळ मिलिंद आरशात बघून म्हणाला, “वहिनी, तुमच्यामुळे आठ महिने गॅरेजमध्ये गेले. पण मजा आली हां.” शुभाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. सगळं तिला तिथल्या तिथे कळलं. माझ्या मांडीला तिने असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ती म्हणाली, “चुकलंच हो माझं.”

मार्वेच्या जेट्टीवर गाडी लावली. बोटीची वाट बघताना शुभा मागच्या मडगार्डपाशी वाकली. “मिलिंद, इथे ओल्यावर लांबी लावलीय. फुगेल.” मिलिंद हसला. “वहिनी, आता नको हां गाड्यांचं. डॉक्टर, तू बघ रे.” मी वाकलो. रंगात मला माझाच चेहरा दिसला, जरा जाड. मी म्हणालो, ठीक आहे.

म्हणजे खरं सांगायची संधी मिळाली होती. दुसऱ्यांदा.

घरी आल्यावर तिला विचारलं, तिथे बोलली का नाहीस? ती म्हणाली, “मिलिंदचे बाबा एवढे खुशीत होते, तिथे तुझं कुठे काढत बसू?” मग वरण गरम करायला गेली.

पावसाळ्यानंतर मडगार्ड फुगलं, बरोबर तिथेच. मिलिंदने फोटो टाकला — वहिनींचा तुक्का लागला. सगळ्यांनी हसण्याची चित्रं टाकली. एक मीही टाकलं.

आत्ता ग्रुपवर एका अँबॅसेडरचे अकरा फोटो आलेत. खाली विचारलंय, डॉक्टर काय म्हणतात? आतून लाटण्याचा आवाज येतोय. मी तिला अजून हाक मारलेली नाही. मघापासून एकटाच बघतोय, मोठे करून, उलटेसुलटे करून. दारात झाड दिसतंय, ते सरळ आहे की वाकडं? मला सांगता येत नाही. मला नुसती एक सुंदर गाडी दिसते. आजवर मला तेवढंच दिसलंय.