ताईचा गुडघा आणि फ्रीझरमधली कुपी

ताईचा गुडघा तपासून हाडांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "वाटी बदलून घ्या." ताई तिसऱ्या मजल्यावर राहते, मी दुसऱ्या, इमारतीला लिफ्ट नाही. होळीनंतर ती खाली उतरलीच नव्हती. तिला ऑपरेशनची भीती वाटत होती आणि भीती कबूल करण्यापेक्षा विज्ञानावर विश्वास ठेवणं तिला सोपं गेलं.

विज्ञान आलं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. जवळच्या हाटकेश भागात नवं क्लिनिक निघालं होतं. आत काचेचा धबधबा, भिंतीवर चमचमणारे बुडबुडे दाखवणारा पडदा आणि दारावर नावापेक्षा लांब पदव्या. 'एक्सोसोम थेरपी. एकच इंजेक्शन.'

"हे एक्सोसोम म्हणजे काय रे?" ताईने विचारलं. मी बरंच वाचून ठेवलं होतं.

"पेशी आपल्याच पडद्याच्या इवल्या पुड्या बांधून बाहेर सोडतात. आत प्रथिनं, आरएनए, असलं काही. कित्येक वर्षं शास्त्रज्ञांना तो कचराच वाटत होता. मग कळलं, दुसऱ्या पेशी त्या पुड्या घेतात, आत काय आहे ते बघतात आणि त्याप्रमाणे वागतात."

"म्हणजे आपली सोसायटीच."

"कॅन्सरच्या पेशीही पुड्या सोडतात. म्हणून रक्तातल्या पुड्यांवरून रोग ओळखता येईल का, त्यांत औषध भरून पाठवता येईल का, यावर खरं काम चाललंय. गुडघ्यावरही चाललंय. पण अजून चाललंय."

"मग ह्यांचं कसं झालं?"

"ह्यांनी उद्घाटन आधी केलं."

ताई हसली, माझ्या खांद्याला धरून होळीनंतर पहिल्यांदा जिना उतरली आणि क्लिनिकमध्ये जाऊन तिने इंजेक्शनसाठी येत्या रविवारची वेळ घेतली. क्लिनिकचा फ्रीझर दुरुस्तीला गेला होता, म्हणून औषधाची कुपी थर्मोकोलच्या डब्यात घालून त्यांनी आमच्याच हाती दिली. काउंटरवरच्या मुलीने बजावलं, "आंटी, फ्रीझर से बाहर निकाला तो खतम. सब मर जाएगा."

"ते जिवंतच नसतात," मी म्हणालो.

"तू गप," ताई म्हणाली.

कुपी ताईच्या फ्रीझरमध्ये बोंबील आणि कोळंबीच्या मधोमध विराजमान झाली. तीन दिवसांनी दिव्याची अवस आली. ताईने उरलेली मासळी संपवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, रत्नागिरीहून लग्न होऊन आल्यापासून दर श्रावणात करते तेच केलं: फ्रीज बंद केला, फ्रीझर रिकामा केला, लिंबाच्या पाण्याने कोपरान् कोपरा पुसला. पूजेचं दूध ठेवायचं तिथे माशांचा वास नको. कुपी तिने 'मिनिटभर' ओट्यावर ठेवली. संध्याकाळी दिवा लावताना ती तिथेच दिसली.

तिने मला वर बोलावलं. तोंड उतरलं होतं. "अरे, मी मारलं रे सगळ्यांना."

मी हसलो नाही. त्याला फार कष्ट पडले.

तिने क्लिनिकला फोन लावला, स्पीकरवर. मुलगी म्हणाली, "कोई बात नहीं आंटी. वापस फ्रीझर में रख दो, संडे को ले आना."

"अरे, तुमने ही बोला था ना, सब मर जाएगा?"

"वो तो हम सबको बोलते हैं, आंटी."

ताईने फोन ठेवला. बराच वेळ कुपीकडे बघत राहिली. कोळणीने पाटीत पुढे केलेला मासा परत करण्याआधी ती अशीच बघते.

"एकदा बर्फ सुटलेली कोळंबी मी परत फ्रीझरात घालत नाही," ती म्हणाली. "आणि ही माझ्या गुडघ्यात घालणार?"

महिनाभर मी तिला छापील कागद आणून देत होतो. त्यांना जे जमलं नाही ते कोळंबीने केलं.

कुपी सुक्या कचऱ्यात टाकायची की ओल्या, यावर तिने थोडा विचार केला आणि टाकली. मग देव्हाऱ्यामागून हाडांच्या डॉक्टरांचं दुमडलेलं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं.

"लाव फोन."

"श्रावण संपू दे ना. श्रावणात कापाकापी नको, तूच म्हणत होतीस."

"तोवर मी परत घाबरेन."

मी नंबर लावला. पलीकडे रिंग वाजत असताना तिने हळूच विचारलं, "कापताना आवाज येतो का रे?"

हे मी कुठेच वाचलं नव्हतं.

"मी दाराबाहेरच बसेन," मी म्हणालो.

"बस. पण तिथे कुणाला काही समजावून सांगू नकोस."