कोठडीतली पालखी

देव आहे की नाही ही शंका मला जन्मात एकदाच आली, आणि ती तुरुंगात आली. गोवा अजून फिरंग्यांकडे होता, तेव्हाची गोष्ट. रवळनाथाची पालखी आधी कुणाच्या अंगणात थांबायची, यावरून आमच्या वरच्या वाडीने खालच्यांची डोकी फोडली, खालच्यांनी आमची, आणि पोलिसांनी कुणावर अन्याय नको म्हणून दोन्ही वाड्या एकाच कोठडीत कोंबल्या.

कोठडी दहाजणांची, आत अर्धा गाव. फणसात गरे बसतात तसे आम्ही बसलो होतो, चिकटही तेवढेच. हात वर काढायला जागा नव्हती. मी माझा समजून तासभर पाय खाजवला तो शेजाऱ्याचा निघाला, आणि तो म्हणतो, "थांबू नको रे, बरा वाटता!" एकाने पेज प्यायली की ढेकर तिघांना. वैशाखाचा उकाडा, हवेला एकच खिडकी आणि दुसऱ्या टोकाला घाणीचे पिंप. पण आमची माणसे तिथेही मानाप्रमाणे बसली! खिडकीशी मानकरी, मग त्यांचे भाऊबंद, आणि पार पिंपाजवळ खालच्या वाडीचा बाबलो. जन्मभर पालखी खांद्यावर वाहिलेला भोई, दमेकरी. माझ्या कपाळावरची खोक त्याच्याच काठीची.

एका दुपारी बाबल्याचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. वॉर्डर बाहेरूनच म्हणाला, डॉक्टर संध्याकाळी येईल. बाबल्याला खिडकी हवी होती, पण मध्ये मुंगीला वाट नव्हती. खरे सांगायचे तर वाट द्यायची कुणाला इच्छाही नव्हती.

देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालणारा मी. दुसरे काय येते मला? सुरू केले, "बा देवा म्हाराजा!"

सवयीने अख्खी कोठडी गरजली, "व्हय म्हाराजा!"

"तुझ्या भोयाचो श्वास अडाकलो आसा. त्येका वाट दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात बाबल्याचा आवाज नव्हता. तेव्हाच मनात पाल चुकचुकली : जिथे डासाला शिरता येत नाही, तिथे देव कुठून येणार?

इतक्यात दाराशी बसलेला एक काळा, मिशाळ, कुणाच्याच ओळखीचा नसलेला कैदी खेकसला, "वाट कित्याक मागतास रे? पालखी काय जमनीवरना जाता?"

आणि हात वर गेले. जागा कुठून आली, मला विचारू नका. बाबलो खालच्या वाडीच्या हातांवरून वरच्या वाडीच्या हातांवर तरंगत निघाला. माझ्या डोक्यावर आला तेव्हा त्याची पाठ मी तोलली आणि नकळत ओरडलो, "हळू रे, देव आसा!" मानकऱ्यांनी खिडकी सोडली. गजांना तोंड लावून बाबल्याने खारा वारा ओढला, पुन्हा ओढला, आणि बऱ्याच वेळाने बारीक आवाजात आपला राहिलेला होकार भरला, "व्हय म्हाराजा."

सकाळी तो मिशाळ दिसला नाही. वॉर्डर म्हणाला, दुसरीकडे हलवला. देवळातला आमचा रवळनाथही असाच काळा, मिशाळ. आमची बायको म्हणते, "गोव्याची दारू चोरून आणणारो असतलो!" असेल. देवाच्या पालखीला कुणीही खांदा देतो.

पुढच्या वर्षी पालखी आधी बाबल्याच्या अंगणात थांबली. दोन्ही वाड्यांत कुणी ब्र काढला नाही. मी गाऱ्हाणे अजून घालतो, पण देवाकडे वाट मागत नाही. हात वर करतो आणि पुढचे त्याच्यावर सोडतो.