टॉन्सिलचा तुकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘बिनचूक बाई’ म्हणत, निम्मे कौतुकाने, निम्मे वैतागून. बावीस वर्षं ती रुग्णांच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवत होती, त्यांचे पातळ काप काचेवर चढवून रंगवत होती. दुसऱ्याची चूक तिला लांबून दिसे, आणि बोलून दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

त्या सकाळच्या नऊ काचांपैकी एक तिच्या धाकट्या भावाची होती. काचेवर नाव नसतं, नंबर असतो. पण हा नंबर तिला तोंडपाठ होता. भाऊ बसचा ड्रायव्हर, वीस वर्षं गालात तंबाखू. गालाच्या आत पांढरा चट्टा उठला तेव्हा तिनेच त्याला फरफटत तपासणीला नेलं. सगळे रिपोर्ट येईपर्यंत तंबाखूला शिवणार नाही, असं वदवूनही घेतलं. पहिला रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, पण त्या वाटेवर. आता डॉक्टर मॅडमनी एक नवा रंग करायला सांगितला होता.

काच वाचणं तिचं काम नव्हे. तरी रंगवून होताच तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. तिच्या माहितीतल्या बहुतेक रंगांत तपकिरी ठिपके म्हणजे वाईट बातमी. इथे सगळं निळं, एकही ठिपका नाही. तिचा जीव भांड्यात पडला. जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

“काही नाहीये रे. स्वच्छ आहे.”

“तीन आठवडे उगाच जीव टांगणीला लावलास, ताई,” तो हसला.

तासाभराने मॅडमनी तिला बोलावलं. “ही रंगवताना एखादी पायरी राहिली का?”

बिनचूक बाईला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. “का हो?”

“काहीच उठलं नाहीये. या रंगात तपकिरी दिसतात त्या शरीराच्या राखणदार पेशी, बिघडलेल्या पेशींना हुडकून मारणाऱ्या. त्या चट्ट्यात भरपूर असतील तर जरा धीर धरता येतो. इथे एकही फिरकलेली नाही.”

“म्हणजे कॅन्सर होणारच?”

“तसं छातीठोक नाही सांगता येत. पण मग थांबण्यात अर्थ नाही, चट्टा लगेच काढायला हवा. आधी पुन्हा रंगवा. टॉन्सिलचा तुकडा त्याच काचेवर ठेवा.”

टॉन्सिलमध्ये या पेशी खच्चून भरलेल्या असतात. तो तपकिरी झाला, तर रंगवणाऱ्याचा हात बरोबर.

पुढचे तीन तास ती थेंब मोजून टाकत होती आणि मनात एकच घोकत होती: सकाळी माझंच चुकलेलं असू दे. बावीस वर्षांचं नाव धुळीला मिळू दे, सगळ्यांनी तोंडावर हसू दे, फक्त या खेपेला भावाच्या तुकड्यात ठिपके उठू देत. तिला स्वतःच्या हातांचा राग येत होता.

दुपारी मॅडमनी काच पाहिली आणि तिला खुर्ची दिली. टॉन्सिल गच्च तपकिरी झालं होतं. शेजारी भावाचा तुकडा निळा, रिकामा.

“तुमचं काम बिनचूक आहे,” मॅडम म्हणाल्या.

“माझा भाऊ आहे तो,” ती म्हणाली.

मॅडमनी लगेच चिठ्ठी लिहून दिली. पुन्हा तोच जिना, तोच फोन.

“उद्या सकाळी ये. चट्टा काढायचाय. मी चुकीचं सांगितलं तुला.”

तो काहीतरी बोलला, पण शब्द धड कळेनात. त्याचं हे बोलणं ती वीस वर्षं ऐकत आली होती.

“आधी थुंक,” ती म्हणाली.