नारिंगी फीत

परवा गॅरेज आवरताना नारिंगी फितीचं अर्धं रीळ हाती लागलं आणि माझं डोकंच फिरलं.

बारा वर्षांपूर्वी इथे अमेरिकेत, आमच्या हर्नडन गावाच्या पश्चिमेला ओकचं जुनं रान होतं. ते तोडून घरं होणार होती. रान वाचवायला धडपडणाऱ्या तिथल्या गावकऱ्यांबरोबर मीही दर शनिवारी जायचे. बिल्डरचा माणूस गोड बोलला, "वाचवायची झाडं तुम्हीच मार्क करा." आम्ही हरखलो. ओल्या पानांचा वास येत होता, बोटं गारठली होती, आणि मी वडाला सूत गुंडाळावं तशी एकेका खोडाला फीत गुंडाळत होते.

गटाची म्हातारी प्रमुख मार्था हसली, "इतक्या गाठी कशाला?"

"सुटायला नको," मी म्हटलं.

सोमवारी नेमकी तीच झाडं आडवी झाली. कामगारांना म्हणे वाटलं, फीत म्हणजे तोडायचं! तेव्हा आम्ही बिल्डरची माफीही ऐकून घेतली.

आता पलीकडच्या टेकडीवरही घरं येतायत. काल मीटिंगमध्ये बिल्डरकडचं कुणीतरी तसंच गोड हसून म्हणालं, "काय वाचवायचं ते मार्क करा."

मी उठले. "तोडायचं ते तुम्ही मार्क करा. फीत माझ्याकडे आहे, ती घ्या. मग फीत बांधलेल्या एकेका झाडाखाली आम्ही उभे राहतो."