सत्कार कशाबद्दल?

आमच्या पिंपरी-चिंचवडात माणसाला सॉरी म्हणण्यापेक्षा त्याचा सत्कार करणं सोपं पडतं. शाल मिळते, नारळ मिळतो, फेटे बांधणारा तर एका फोनवर हजर होतो. सॉरी मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. तुम्ही म्हणाल, बाई चेष्टा करतेय. करतेच आहे, पण सांगतेय ते माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं.

मी काळेवाडीची. तरुणपणी कबड्डी खेळले, गुडघा गेला तशी शिट्टी वाजवायला लागले, आणि आता महिलांच्या एका व्यावसायिक संघाची मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे मेसमधली कच्ची चपाती, कुणाचा दुखरा खांदा, कुणाचं घरच्यांशी भांडण, सगळं माझ्या डोक्यावर, आणि जिंकलो की फोटोत मालक. मालकांचा चाकणला गाड्यांचे पार्ट बनवायचा कारखाना आहे. माणूस दिलदार, पण भयंकर तापट. मीही तापट, म्हणून आमचं जमतं. पगार ते देतात, एवढाच काय तो फरक.

आमची मुख्य रेडर, म्हणजे समोरच्या संघाच्या हद्दीत चढाई करायला जाणारी, अरुणाचलची. पोरगी बुटकी, पण चौघींनी धरली तरी चौघींना ओढत मध्यरेषेपर्यंत येणार. मराठी शिकली ती मेसच्या मावशींकडून. रस्त्यानं जाताना लोक तिला काय काय हाका मारायचे ते मला ठाऊक होतं. चिंकी, मोमो, नेपाळी. एकदा पिंपरी कॅम्पात एकजण असंच काहीतरी बोलला तर मी चप्पल काढली होती. ती मला म्हणाली, "ताई, राहू द्या, चप्पल नवीन आहे तुमची." रस्त्यावरचं ती मनाला लावून घ्यायची नाही. मॅटवर मात्र ती कुणाच्या बापाचं ऐकून घ्यायची नाही.

तर लीगमधला आमचा शेवटचा साखळी सामना. निगडीच्या बाजूचं मैदान, संध्याकाळ, स्टँड गच्च भरलेले. माइकवर आमच्या भागातला सगळ्यात गाजलेला निवेदक. लग्न असो, वाढदिवस असो, दहीहंडी असो, माइक त्याच्याच हातात. बोलतो छान, खोटं कशाला सांगू, मीसुद्धा पोट धरून हसलेय त्याच्या बोलण्यावर. आमची पोरगी चढाईला निघाली आणि हा पठ्ठ्या ओरडला, "आला आला, चायनाचा माल आला! ना गॅरंटी, ना वॉरंटी, बिघडला तर परत पाठवा!"

अख्खं मैदान खो खो हसलं. ज्या माइकवरून हे बोलला तो माइकही चायनाचाच असणार, पण त्याला कोण परत पाठवतंय! माझं डोकं सणकलं. ती मात्र चढाईत होती. तिनं दोघींना हात लावला, परत आली, दोन गुण घेतले, मग पंचांना खूण केली, बाहेर येऊन बाकावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"अगं, लागलं का काही?" मी विचारलं.

"लागलं," ती म्हणाली. "ताई, ते माइकवर बोलले ना? मग माइकवरच सॉरी म्हणू देत. तोपर्यंत मी खेळणार नाही."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

बाकीच्या पोरींनी कसाबसा सामना काढला आणि आम्ही उपांत्य फेरीत गेलो. तो सामना दुसऱ्याच दिवशी होता. मालकांनी मला तिथंच बाजूला घेतलं. "उद्या ती मॅटवर दिसली नाही तर करार रद्द. तिकीट काढून घरी पाठवा. रुसवेफुगवे बघायला संघ घेतलाय का मी?" मी म्हटलं, "रुसवा नाही हो हा." पण ते गाडीत बसलेसुद्धा होते.

सामना सोडून उठलेली पोरगी असा एकदा शिक्का बसला की तिला दुसरा कुठलाच संघ घेणार नव्हता. शाळा सुटल्यापासून तिनं कबड्डीशिवाय काही केलं नव्हतं. पोटही त्यावरच आणि जीवही त्यातच. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, आणि तरी बाई बूट मांडीवर घेऊन शांत बसली होती. मला तिचा अभिमान वाटला आणि काळजीही.

सकाळी संयोजकांच्या ऑफिसात बैठक. अध्यक्ष, त्यांचे दोन होयबा, निवेदक आणि मी. चहा आला, क्रीमरोल आले. पहिला क्रीमरोल संपेपर्यंत कुणी विषयच काढेना. शेवटी मीच काढला.

"अहो ताई, मनावर काय घेता," अध्यक्ष म्हणाले. "तो सगळ्यांनाच बोलतो. मला नाही का मागच्या वर्षी भर स्टेजवर टकल्या म्हणाला?"

"तुम्हाला परत पाठवा म्हणाला का?"

"मला कुठं पाठवणार? मी इथला चिखलीचाच."

"तेच म्हणतेय मी."

अध्यक्षांनी दुसरा क्रीमरोल उचलला. निवेदकाचा चेहरा मात्र खरंच पडला होता. "ताई, आईशप्पथ, वाईट हेतू नव्हता. पब्लिक हसतं म्हणून बोललो. मी तिला बाजूला घेऊन शंभर वेळा सॉरी म्हणतो."

"बाजूला घेऊन बोलला होतास का?"

"माइकवर नको ना ताई. माइकवर माझी इमेज आहे."

"आणि तिची काय, भाजी आहे?"

मी उठून एकेकाचा समाचार घेणारच होते, तेवढ्यात अध्यक्षांचा चेहरा उजळला. हा उजेड मी ओळखते. आमच्याकडे कुठल्याही बैठकीत तिढा पडला की तो एकाच्या तरी तोंडावर पडतोच. "आपण असं करू," ते म्हणाले, "आज सामन्याच्या आधी तिचा सत्कार करू! शाल, श्रीफळ, फेटा. कसं?" होयबा म्हणाले, "व्वा!" निवेदक सुटल्यासारखा हसला. आणि मी तोंड उघडलं ते तसंच मिटलं, कारण माझ्या डोक्यात एक किडा वळवळला.

"चालेल," मी म्हटलं. "झकास कल्पना. फक्त सत्कारमूर्तीचं मनोगत ठेवा बरं का. दोन शब्द. पद्धत आहे आपली."

"अर्थात, अर्थात! मनोगताशिवाय सत्कार कसला?" अध्यक्ष म्हणाले आणि माझ्यापुढे क्रीमरोल सरकवला. मी तो खाल्ला. छान होता.

खोलीवर जाऊन पोरीला सांगितलं, सॉरी नाही, सत्कार आहे. तिचा चेहरा कडू झाला. "मला शाल नकोय ताई."

"शालीचं सोड. शालीनंतर माइक कुणाच्या हातात येतो?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मग एकदम फिसकन हसली. "ताई, तुम्ही डेंजर आहात."

"काय बोलायचं ते तुझं तू बघ," मी म्हटलं. "मी शिकवणार नाही."

संध्याकाळी स्टेज सजलं. फ्लेक्स लागला, त्यावर तिचा फोटो लहान आणि देणगीदारांचे मोठे. फेटा कुठल्या तरी दणकट नवरदेवाच्या मापानं बांधलेला, तो तिच्या भुवयांवर येऊन बसला. प्रमुख पाहुणे म्हणून एक माजी नगरसेवक आले होते. प्रकरण काय ते त्यांना कुणी नीट सांगितलंच नसावं, कारण ते गहिवरून म्हणाले, "थेट चीनच्या तोंडासमोरून आलेली ही आपली भगिनी!" आणि टाळ्यांसाठी थांबले. मी कपाळावर हात मारला. तिनं शाल घेतली, नारळ घेतला, वाकून नमस्कार केला. मग निवेदकानंच मोठ्या थाटात पुकारलं, "आता सत्कारमूर्ती आपलं मनोगत व्यक्त करतील!" आणि एक माइक तिच्या हातात दिला.

"नमस्कार," ती म्हणाली. "शाल छान आहे. मला एकच विचारायचं आहे. हा सत्कार कशाबद्दल आहे?"

स्टेजवर सगळे हसतमुख बसलेले, ते तसेच राहिले. ती निवेदकाकडे वळली. "दादा, तुम्ही नेहमी सांगता ना. दहावी पास झाल्याबद्दल, रक्तदान केल्याबद्दल. माझा कशाबद्दल?"

दुसरा माइक त्याच्याच हातात होता, पळणार कुठं? "अं... उत्कृष्ट खेळाबद्दल!"

"काल तर मी अर्ध्यातून उठून गेले."

स्टँडमध्ये खसखस पिकली. "मग... खिलाडूवृत्तीबद्दल!"

"दादा, मी रुसलेय असं म्हणतात ना सगळे?"

आता पब्लिकला मजा यायला लागली. मागून एक बाई खणखणीत ओरडली, "अहो, खरं खरं सांगून टाका की!" निवेदकानं अध्यक्षांकडे पाहिलं, ते चष्मा पुसत होते. माजी नगरसेवक मोबाइलमध्ये घुसले होते. बिचाऱ्याला सोडवायला कुणी येईना. ज्याचं तोंड आयुष्यात कधी बंद पडलं नाही, तो माणूस घसा खाकरत उभा राहिला.

"काल," तो म्हणाला, "काल मी यांना चायनाचा माल म्हणालो. बिघडला तर परत पाठवा म्हणालो. त्याबद्दल आहे."

आणि लोक पुन्हा हसले! तसंच, खो खो. वाक्य तेच, हसू तेच. मी त्याच्याकडे बघत होते. त्या हसण्यावर तो इतकी वर्षं जगला, पण आज पहिल्यांदा ते त्याला बोचलेलं मला दिसलं. ती त्याच्या शेजारीच उभी होती, भुवयांवर फेटा आणि हातात नारळ.

"हसू नका," तो म्हणाला. कुणी ऐकेना तेव्हा ओरडला, "हसू नका राव! काल मी हसवलं, ती माझी चूक." मग तिच्याकडे वळून, माइक तोंडाशी तसाच धरून म्हणाला, "ताई, सॉरी. चुकलो मी."

"ठीक आहे," ती म्हणाली. तिनं फेटा उतरवला, नारळ माझ्याकडे दिला आणि स्टेजच्या पायरीवर बसून बूट घालायला लागली. मी रडले. चारचौघांत, नारळ पोटाशी धरून रडले, त्यात लाज कसली?

सामना सुरू झाला. पहिल्या डावात आम्ही मागे पडलो, दुसऱ्यात तिनं भरून काढायला घेतलं. मालक पुढच्या सोफ्यावर बसले होते. कालचा राग विसरून लहान मुलासारखे उसळत होते. निवेदकही सुधारला होता. नुसता सुधारला नव्हता, तर चांगलाच पेटला होता. प्रत्येक चढाईला तिचं नाव आडनावासकट घेत होता.

ती पुन्हा चढाईला गेली. समोर पाच जणी. सगळं मैदान श्वास रोखून होतं आणि त्या शांततेत एक आवाज गडगडला, "चल गं माझी चायना! घेऊन ये!"

प्रेमानं बोलला होता, हे कुणालाही कळलं असतं. ती एकीला हात लावून परत आली, पण आमच्या पोरींनी टाळी वाजवली नाही. निवेदक माइक घेऊन ताडकन उठला. "पंच, शिट्टी! कोण बोललं? माझ्यासारखंच माइकवर यायचं आणि सॉरी म्हणायचं. कोण बोललं?"

पंचांनी गोंधळून शिट्टी मारली. स्टँडमधले लोक माना वळवून एकमेकांकडे बघायला लागले. मला मान वळवायची गरज नव्हती. तो आवाज रोज सकाळी मला फोनवर झापतो. मालक दोन्ही हात वर करून उभे होते. ते हळूच खाली बसले आणि इतरांसारखेच मागे वळून वळून गुन्हेगार शोधायला लागले. शोधता शोधता त्यांची नजर माझ्यावर आली. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नको, म्हणून.

माझी नोकरी त्या मानेवर होती. मध्यरेषेजवळ ती कमरेवर हात ठेवून उभी होती, धापा टाकत, आणि तीही माझ्याकडेच बघत होती. आवाज तिनंही ओळखला होता. ती काही म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी हात वर केला आणि बोट दाखवलं. "आमचे मालक," मी म्हटलं.

निवेदकानं सोफ्याकडे पाहिलं. तोपर्यंत त्याला वाटलं असणार, कुणीतरी मागच्या रांगेतला टवाळ सापडेल. पण त्याला शाबासकी द्यायला हवी, तो स्टेजवरून उतरला, वायर ओढत सोफ्यापर्यंत गेला आणि माइक पुढे धरला. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथं लिहीत नाही. मग ते उठले. कारखान्यात मशिनांच्या आवाजावर ओरडणारा माणूस, पण माइक त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"हॅलो," ते म्हणाले. माइकवर टिचकी मारली. "हॅलो, हॅलो. चालू आहे का हा?"

"ऐकू येतंय, सर," ती मॅटवरून म्हणाली. "बोला."